केस कॉम्पिटिशनच्या टीममध्ये जायचं असेल तर: पात्रता, कागदपत्रं आणि निवड

केस कॉम्पिटिशनच्या टीमसाठी सगळीकडे चालेल असा एकच छापील अर्ज नाही. ताळगाव पठारावरची गोवा विद्यापीठाची गोवा बिझनेस स्कूल असो, साखळीचं गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट असो, की म्हापसा, फोंडा, मडगावातलं एखादं कॉमर्स कॉलेज असो, प्रत्येकाची नोटीस वेगळी आणि मुदतही वेगळी. तरी पायऱ्या साधारण सारख्याच असतात, आणि पोरं अडतात तीही ठरलेल्या दोन-तीन ठिकाणीच.

ज्यांना हा प्रकारच नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: एखाद्या कंपनीपुढचा पेच लिहून दिलेला असतो, त्यालाच ‘केस’ म्हणतात; सोबत ताळेबंद आणि बाजाराचे आकडे. ठरलेल्या वेळात टीमने निर्णय घ्यायचा, स्लाईड्स करायच्या, जजेससमोर मांडायच्या आणि त्यांच्या प्रश्नांना तोंड द्यायचं. पद्धत हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या वर्गातली. तिथली पहिली लिखित केस १९२१ची, एका बूट कंपनीवरची. मॉन्ट्रियलच्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठाची एमबीएवाल्यांसाठीची जॉन मोल्सन स्पर्धा १९८१पासून सुरू आहे. आपल्याकडे महिंद्राची वॉर रूम, हिंदुस्थान युनिलिव्हरची लाईम ही नावं बी-स्कूलच्या पोरांना तोंडपाठ असतात. बऱ्याच स्पर्धांची नोंदणी अनस्टॉप या वेबसाइटवर होते. जुने सिनियर त्याला अजून डेअर टू कम्पीट म्हणतील. नाव २०२२मध्ये बदललं.

पात्रतेचे नियम दोन ठिकाणचे असतात, एक स्पर्धेचे आणि दुसरे तुमच्या कॉलेजचे. दोन्ही वेगळे वाचायचे, आणि आधी स्पर्धेचे.

स्पर्धेच्या नियमात सर्वांत महागात पडणारी ओळ म्हणजे ‘सर्व सदस्य एकाच संस्थेचे, एकाच कॅम्पसचे’. म्हापशाच्या कॉलेजात बीकॉम करणारा आणि ताळगावला एमबीए करणारी त्याची मावसबहीण, दोघांच्या मार्कशीटवर गोवा विद्यापीठच असतं. पण संलग्न कॉलेज ही वेगळी संस्था धरली तर त्यांची टीम पहिल्याच छाननीत बाद होते. बरं, बीकॉम म्हणजे पदवी गट आणि एमबीए म्हणजे पदव्युत्तर. अनेक स्पर्धा हे दोन गट एकत्र येऊ देत नाहीत. मित्र बघून टीम ठरवायची आणि मग नियम उघडायचे, हा उलटा क्रम आपल्याकडे फार चालतो. शिवाय ‘अंतिम वर्ष’ असं लिहिलं असेल तर नीट विचारून घ्या, कारण नव्या शैक्षणिक धोरणाखाली कुणी तीन वर्षांनी बाहेर पडतो, कुणी चौथं वर्ष करतो.

कॉलेजच्या नियमात मार्कांपेक्षा हजेरीची अडचण मोठी. ७५ टक्क्यांच्या काठावर असाल तर दौऱ्याचे दिवस आधीच लेखी मंजूर करून घ्या. प्राध्यापक तोंडी ‘जा, जा’ म्हणतात ते मनापासूनच. पण सेमिस्टरच्या शेवटी हजेरीची यादी ऑफिसात बनते आणि तिथे कागद लागतो. केटी, म्हणजे मागचा नापास विषय, राहिलेल्यांना काही ठिकाणी घेत नाहीत, काही ठिकाणी चालतं. नोटिशीत काही लिहिलं नसेल तर कॉलेजच्या को-ऑर्डिनेटरला सरळ विचारावं, लपवू नये.

कागदपत्रं अशी: कॉलेजचं चालू वर्षाचं ओळखपत्र, बोनाफाईड, मागच्या सेमिस्टरची मार्कशीट, एक पानी सीव्ही आणि बाहेरगावी जायचं असेल तर विभागप्रमुखाचं किंवा प्रिन्सिपलचं ना हरकत पत्र. काही कॉलेजं पालकांचं संमतिपत्रही मागतात. बोनाफाईड काढताना त्यावर अभ्यासक्रम, वर्ष आणि शैक्षणिक सत्र आहे ना ते काउंटरवरच बघून घ्या; नुसतं ‘आमचा विद्यार्थी आहे’ एवढंच लिहिलेला कागद आयोजक परत पाठवतात.

गोव्यात आणखी एक भानगड असते, ती नावांची. मार्कशीटवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, कुठे वडिलांचं नाव मध्ये, कुठे गाळलेलं, जुन्या जन्मदाखल्यावर आडनावाचा पोर्तुगीज थाट. नोंदणीत टाकाल तेच नाव सर्टिफिकेटवर छापून येतं, आणि नंतर नोकरीच्या अर्जाला ते जोडायचं असतं. म्हणून सगळीकडे मार्कशीटवरचंच नाव टाका. स्पर्धा परदेशात असेल तर मात्र पासपोर्टवरचं. पासपोर्ट नसेल तर टीममध्ये निवड होण्याची वाट न बघता पणजीच्या पासपोर्ट ऑफिसची वेळ घेऊन टाका.

आता निवड. सीव्हीतून नावं छाटली की बहुधा एक चाचणी केस असते, मग छोटी मुलाखत. चाचणीत काय बघतात ते एका बनवलेल्या उदाहरणावरून सांगतो. डिचोलीचा एक काजू कारखानदार किनाऱ्यावरच्या दुकानांना माल घालतो आणि आता त्याला कळंगुटला स्वतःचं दुकान थाटायचंय. भाडं महिना ६०,००० रुपये, किलोमागे सुटतात १२० रुपये. दहातले सात उमेदवार बलस्थानं आणि उणिवांचा चौकोन काढून बसतील. ज्याला टीममध्ये घ्यावंसं वाटतं तो आधी भागाकार करतो: नुसतं भाडं निघायला महिना ५०० किलो काजू खपला पाहिजे. मग त्याला पावसाळा आठवतो. भाडं बारा महिने भरायचं, गिऱ्हाईक आठच महिने धरलं तर महिना ७५० किलो. आणि मग तो विचारतो, आज जे दुकानदार माल घेतात ते उद्या शेजारी उभ्या राहिलेल्या मालकाकडून घेतील का? एवढं पाच मिनिटांत सांगता आलं तर इंग्रजी थोडं अडखळलं तरी निभावतं. मराठी माध्यमातून आलेल्यांनी ही धास्ती सोडावी. सादरीकरण इंग्रजीतच असतं, पण टीमला आकडे हाताळणारा, स्लाईड्स करणारा आणि प्रश्न झेलणारा असे तिघे वेगवेगळे लागतात. तिघेही फर्डे वक्ते असले तर हिशेब कोण करणार?

टीम तिघांची की चौघांची हे स्पर्धा ठरवते. जॉन मोल्सनमध्ये चौघे आणि एक राखीव असतो, आणि प्रत्येक केसच्या तयारीला तीन तास मिळतात. राखीव म्हणून निवड झाली तर नाक मुरडू नका. सराव सगळा मिळतो.

निवडीनंतर कॅप्टन नोंदणी करतो आणि प्रत्येकाने आपल्या ईमेलवरून संमती द्यायची असते. ही संमती राहिली की टीम अर्धवट दिसते, म्हणून मुदतीच्या आदल्या रात्रीवर ठेवू नका. काम स्वतःचं असल्याची हमीही बहुधा तिथेच घेतली जाते. एआय वापरायला परवानगी आहे का, किती, हे नियमावलीत शोधा. प्रवासखर्च कॉलेज देणार असेल तर जाण्यापूर्वी मंजुरी घ्या आणि तिकिटं जपा.

शेवटच्या सेमिस्टरमध्ये असाल तर एक गोष्ट आयोजकांना ईमेलनेच विचारा: नोंदणीच्या दिवशी विद्यार्थी असलेलं पुरतं, की फायनलच्या दिवशीही असायला हवं? आलेलं उत्तर को-ऑर्डिनेटरलाही पाठवून ठेवा.