शाम्पूची वाळू आणि कचऱ्याची वीज

मुंबईत गोराईच्या खाडीकाठी एक उंचवटा आहे. टेकडी वाटते, पण तो १९७२ पासून साठत गेलेला शहराचा कचरा आहे. डम्पिंग ग्राउंड बंद केल्यावर महापालिकेने त्यावर जाड प्लास्टिक आणि माती पसरली आणि आतला वायू नळ्यांनी काढून जाळण्याची सोय केली.

हा वायू म्हणजे गावाकडचा गोबरगॅसच. भाजीची देठं, शिळ्या पोळ्या, आंब्याच्या साली खोल गाडल्या गेल्या की तिथली हवा संपते, आणि हवेचं वावडं असलेले जिवाणू कामाला लागतात. निघणाऱ्या वायूत साधारण निम्मा मिथेन, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता अडवतो. त्यामुळे वीज नाही केली, नुसता जाळून त्याचा कार्बन डायऑक्साइड केला तरी फायदाच.

वीज करायची तर ढिगात विहिरी खणून त्यांत छिद्रांचे पाईप सोडतात आणि ब्लोअर लावून वायू ओढतात. खरं कसब इथे आहे. कमी ओढला तर वायू फटींतून निसटतो. जास्त ओढला तर बाहेरची हवा आत शिरते, ते जिवाणू मरतात आणि ढीग आतून पेटूही शकतो. म्हणून प्रत्येक विहिरीचा व्हॉल्व्ह वेगळा, आणि तो पुन्हापुन्हा जुळवावा लागतो.

पुढची अडचण मला सगळ्यात गमतीची वाटते. शाम्पू, लिपस्टिक, डिओडरंटमध्ये सिलोक्सेन नावाची रसायनं असतात. ती वायूबरोबर वीज करणाऱ्या इंजिनात जातात, जळतात आणि त्यांची सिलिका होते. सिलिका म्हणजे वाळूच की! पिस्टनवर, स्पार्क प्लगवर पांढरी, कडक पुटं चढतात. आपण शाम्पूची बाटली कचऱ्यात टाकतो आणि इंजिनाला वाळू चारतो. त्यामुळे वायू आधी सक्रिय कोळशातून गाळून घ्यावा लागतो.

लॉस एंजेलिसजवळच्या प्वेन्टे हिल्स या डम्पिंग ग्राउंडने भरभराटीच्या काळात कचऱ्याच्या वायूपासून सुमारे ५० मेगावॅट वीज दिली. २०१३ मध्ये तिथे कचरा टाकणं थांबलं, तरी वायू येतच राहिला. आपला कचरा मात्र ओला. तो लवकर कुजतो, वायू जोरात येतो आणि तितक्याच झपाट्याने ओसरतो. त्यात पावसाळ्यात पाईपांत काळं पाणी भरतं. वायू ओढण्याआधी ते उपसत बसावं लागतं.