व्हॉइस मोडेम आणि टेलिफोनी कार्ड: स्वयंचलित उत्तरयंत्रणेसाठी निवड

आलेला फोन आपोआप उचलायचा, आधी भरून ठेवलेला आवाज ऐकवायचा, समोरच्याने दाबलेलं बटण ओळखायचं आणि लागलं तर त्याचा निरोप रेकॉर्ड करायचा, हे काम कॉम्प्युटरकडून करून घ्यायला टेलिफोन लाइन आणि कॉम्प्युटरच्या मधे जे हार्डवेअर लागतं त्याची ही नोंद आहे. ढोबळमानाने तीन प्रकार: व्हॉइस मोडेम (आवाजही हाताळणारा मोडेम), टेलिफोनी कार्ड (कॉम्प्युटरमध्ये बसवायचं, एक किंवा जास्त लाइनींचं कार्ड) आणि व्हीओआयपी गेटवे (फोनची लाइन नेटवर्कवरच्या कॉलला जोडणारी पेटी).

उगम. फोनला उत्तर देणारं यंत्र पहिलं कोणाचं यावर एकमत नाही. बरेच जण डेन्मार्कच्या वाल्डेमार पौल्सेनच्या १८९८ च्या टेलिग्राफोनपासून सुरुवात करतात, तारेवर चुंबकीय रेकॉर्डिंग करणारं हे यंत्र, आणि फोनवरचा निरोप साठवणं हा त्यामागचा एक उद्देश होता हे खरं. काही ठिकाणी १९३५ च्या सुमाराचे दावे दिलेले असतात पण त्यात एकाच वर्षासाठी वेगवेगळी नावं येतात, तेव्हा ते जपूनच घ्यावेत. काझुओ हाशिमोतोचा अ‍ॅन्साफोन १९६० च्या आसपासचा. व्हॉइसमेलचं श्रेय बहुतेकदा गॉर्डन मॅथ्यूजला जातं, त्याच्या पेटंटचा अर्ज १९७९ चा आणि मंजुरी १९८३ ची, मात्र आवाज कॉम्प्युटरवर साठवून पुढे पाठवण्याचं काम आयबीएममध्ये त्याआधीच, १९७० च्या दशकात सुरू झालेलं होतं, त्यामुळे 'जनक' वगैरे म्हणण्यापेक्षा धंद्यात आणणारा म्हणणं जास्त बरोबर वाटतं. आपल्या विषयाला खरं महत्त्वाचं वर्ष १९६३, अमेरिकेच्या बेल सिस्टिमने टचटोन फोन (बटण दाबलं की सूर पाठवणारा) आणला ते, कारण त्याशिवाय 'एक दाबा, दोन दाबा' हा प्रकारच शक्य नव्हता.

व्हॉइस मोडेम. १९९० च्या दशकात फॅक्स मोडेमच्या चिप्समध्येच आवाजाची सोय आली. डेटासाठी क्लास ०, फॅक्ससाठी १ किंवा २ आणि आवाजासाठी क्लास ८ अशी मोडेमची अवस्था बदलावी लागते. रॉकवेलच्या जुन्या चिप्सच्या आज्ञा वेगळ्या, नंतर आयएस-१०१ हे प्रमाण आणि १९९८ मध्ये आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचं व्ही.२५३ आलं, तरीही प्रत्येक कंपनीने आपापले बदल केलेच, म्हणून तर लिनक्सवरच्या व्हीगेटी या उत्तरयंत्राच्या प्रोग्रॅममध्ये एकेका चिपसाठी वेगळा ड्रायव्हर ठेवावा लागला. खोक्यावर छापलेल्या ५६ के ला इथे काही अर्थ नाही, तो डेटाचा वेग आहे. आवाजाला सेकंदाला ८००० नमुने (आवाजाची मोजमापं), प्रत्येकी ८ बिट, म्हणजे ६४ केबीपीएस लागतात आणि एडीपीसीएम या आवाज दाबून साठवण्याच्या पद्धतीने ते निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतात. काही रॉकवेल चिप्स ८००० ऐवजी ७२०० नमुने घेतात, तेवढं लक्षात न घेता त्यावर ८००० नमुन्यांची फाइल वाजवली तर आवाज जड आणि संथ येतो.

फोन ठेवल्याचं कळणं. निवड खरं तर इथेच ठरते आणि जाहिरातीत नेमकं हेच नसतं. समोरच्याने फोन ठेवला हे लाइनवरून तीन-चार प्रकारे कळू शकतं: एक्सचेंज क्षणभर करंट तोडतं, किंवा पोलॅरिटी (दोन तारांची धन-ऋण बाजू) उलटी करतं, किंवा बिझी टोन वाजवतं, किंवा नुसती शांतता. पहिले दोन सगळ्यात भरवशाचे पण ते एक्सचेंजने द्यावे लागतात आणि हार्डवेअरला ओळखता यावे लागतात. स्वस्त मोडेम टोन आणि शांततेवरच चालतो. व्ही.२५३ मध्ये शांततेचे दोन वेगळे संकेत आहेत, बोलणं होऊन मग थांबलं तर डीएलई-क्यू आणि सुरुवातीपासून कोणी बोललंच नाही तर डीएलई-एस, आणि प्रोग्रॅमने दोन्ही नीट हाताळले नाहीत तर निरोपाच्या शेवटी लांबलचक शांतता रेकॉर्ड होते, किंवा मग लाइन तशीच अडकून पडते आणि पुढच्या सगळ्यांना एंगेज लागते. बिझी टोनची फ्रिक्वेन्सी आणि लय देशागणिक बदलते, म्हणून कंट्री सेटिंग आधी बघावं.

दुसरी अडचण बटणांची. प्रत्येक बटणाला दोन सूर असतात, खालच्या गटात ६९७, ७७०, ८५२, ९४१ हर्ट्झ आणि वरच्या गटात १२०९, १३३६, १४७७, १६३३. फोनची लाइन दोन तारांची, त्यामुळे आपणच वाजवलेला संदेश थोडासा परत आपल्याच कानात येतो आणि त्याच्या गोंगाटात बटणाचा सूर हरवतो, किंवा उलट, रेकॉर्डेड आवाजातला एखादा स्वर बटण समजला जातो. बहुतेक व्हॉइस मोडेम एका वेळी वाजवतात तरी किंवा ऐकतात तरी, वाजवताना बटण ओळखतात खरं पण कच्चं. चांगल्या कार्डावर डीएसपी (आवाजावर प्रक्रिया करणारी चिप) आणि इको कॅन्सलेशन (परत येणारा आपलाच आवाज वजा करणं) असतं, संदेश मधेच तोडून आकडा दाबणाऱ्यांचं काम त्यामुळे अडत नाही.

टेलिफोनी कार्ड. डायलॉजिकची (स्थापना १९८३, १९९९ मध्ये इंटेलकडे) चार लाइनींची कार्डं बराच काळ या धंद्यात प्रमाण मानली जायची. १९९९ मध्ये मार्क स्पेन्सरने अ‍ॅस्टेरिस्क हे फोन एक्सचेंजचं सॉफ्टवेअर सुरू केल्यावर स्वस्त कार्डांची लाट आली, एक्स१००पी हे तर मुळात मोडेमचंच कार्ड. इथे एफएक्सओ आणि एफएक्सएस या दोन प्रकारच्या पोर्टांची गल्लत सर्रास होते: लाइन लावायची ती एफएक्सओमध्ये, फोन लावायचा तो एफएक्सएसमध्ये. उलटं केलं आणि लाइनवर रिंग आली, तर ९० व्होल्टच्या आसपासच्या त्या एसीने पोर्ट जळू शकतो. एक-दोन लाइनींना व्हॉइस मोडेम चालून जातो, चारच्या वर कार्डच घ्यावं, आणि तीसच्या घरात गेलात तर ई१ ही डिजिटल लाइन (३० आवाज चॅनेल, २.०४८ एमबीपीएस), जिथे फोन ठेवल्याचा निरोप सिग्नलिंगमधूनच येतो आणि ते ओळखायची डोकेदुखी संपते.

गेटवे. एसआयपीवर (नेटवर्कवरून कॉल जोडण्याची पद्धत) बटणं आवाजातून न्यायची नाहीत, जी.७२९ सारख्या ८ केबीपीएसच्या कोडेकमध्ये (आवाज दाबण्याच्या पद्धतीत) ते सूर विद्रूप होतात. बटणं आवाजापासून वेगळी पाठवण्याची आरएफसी २८३३ ही प्रमाण पद्धत किंवा तिच्या जागी आलेली ४७३३ वापरावी. लाइन साधीच असेल तर गेटवेच्या एफएक्सओलाही फोन ठेवल्याचं ओळखता यावंच लागतं. मोबाइलच्या यूएसबी डोंगलांपैकी काहींमध्येच आवाजाची वाट उघडी असते, तेवढं आधी तपासून घ्यावं.