पार्श्वभूमी: सोबत वेगळी, समजूत वेगळी

गोव्यात डिचोलीकडच्या एखाद्या घरात कोणी वारलं की शेजारीण पेजेचं भांडं घेऊन येते, ओसरीवर टेकते आणि तासभर काही न बोलता बसून राहते. दुपारी मामा येतात, ते बोलतात. “त्यांचं सोनं झालं. आता पोरांकडे बघ.” शेजारणीची ती सोबत, मामांचं ते समजूत घालणं. मेंदूविज्ञानाने मात्र या दोन्हींवर एकच चिठ्ठी चिकटवली, ‘भावनांचं सामाजिक नियमन’, म्हणजे दुसऱ्या माणसामुळे भावना आवरणं. पुढचा बराचसा गोंधळ त्या चिठ्ठीचाच.

जुना इतिहास थोडक्यात. १८४८ साली अमेरिकेत रेल्वेच्या कामावर सुरुंग अवेळी उडाला आणि लोखंडी कांब एका मुकादमाच्या कवटीतून आरपार गेली. माणूस वाचला, पण स्वभाव पालटल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं, आणि मेंदूचा पुढचा भाग चर्चेत आला. १९९० नंतर एमआरआय या चित्रं काढणाऱ्या यंत्रावर मेंदूचं काम चालू असताना बघता येऊ लागलं. २००२ च्या एका प्रयोगात माणसांना त्रासदायक चित्रं दाखवून त्यांचा वेगळा अर्थ लावायला सांगितलं; कपाळामागच्या प्रीफ्रंटल भागांची हालचाल वाढली, भीतीसारख्या भावनांत जागा होणाऱ्या अमिग्डलाची कमी झाली. भावना म्हणजे घोडा आणि प्रीफ्रंटल भागांच्या हाती लगाम, हे चित्र तिथून रुजलं. पण लगाम धरणारा एकटाच होता.

दुसरा माणूस यंत्राजवळ आला तो ठळकपणे २००६ च्या प्रयोगात. सुखाने संसार करणाऱ्या १६ बायका एकेक करून यंत्रात झोपल्या. घोट्याला विजेची तार. पडद्यावर लाल फुली आली तर शॉक बसण्याची शक्यता २० टक्के, निळा गोल आला तर काळजी नको. कधी हातात नवऱ्याचा हात, कधी अनोळखी माणसाचा, कधी कोणाचाच नाही. नवऱ्याच्या हाताने मेंदूतली धोक्याची खळबळ सगळ्यात जास्त उतरली, अनोळखी हातानेही थोडी उतरली. ज्यांचं नवऱ्याशी अधिक जुळत होतं, त्यांच्या मेंदूत, शरीराचा ताण हाताळणाऱ्या हायपोथॅलॅमससह काही भागांत आणखी शांतता होती.

वाद पेटला तो पुढच्या बारकाव्यावरून. हे जर ‘नियमन’ असेल तर लगाम धरणारे प्रीफ्रंटल भाग जास्त राबायला हवेत. इथे त्यातला एक महत्त्वाचा भाग उलट निवांत झाला होता. मग नियमन केलं कोणी? एका गटाने पुढे मांडलं की प्रश्नच उलटा आहे. माणसाचा मेंदू आजूबाजूला आपली माणसं असणार हे धरूनच चालतो. जास्तीचा खर्च एकटेपणी होतो. सोबत मिळाली की तो वाचतो. विरोधकांचं म्हणणं, १६ बायकांवर एवढी इमारत उभी करू नका. आक्षेप रास्त आहे. तरी मला पहिलं म्हणणं पटतं, कारण शेजारीण काहीच ‘करत’ नसते.

समजूत घालण्याचं काम वेगळं. समोरच्याच्या मनात काय चाललंय ते ओळखण्यासाठी मेंदूचा कानामागचा, जरा वरचा भाग आणि कपाळामागचा मधला भाग कामाला लागतो. मग शब्द शोधायचे, आणि ऐकणाऱ्यानेही आपला लगाम धरायचा. म्हणजे राबतात दोघं.

हा फरक गोव्यात नुसता पुस्तकी नाही. इथल्या २४ दवाखान्यांत, निम्मी सरकारी आरोग्य केंद्रं आणि निम्मे खासगी डॉक्टर, एक मोठी चाचणी झाली. निष्कर्ष २०१० मध्ये आले. वैद्यकीय पदवी नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक लोकांनी नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांशी बोलणं धरून उपचारात वाटा उचलला. सरकारी केंद्रांत बरे होणाऱ्यांचं प्रमाण वाढलं, खासगीत फरक दिसला नाही. माझा अंदाज असा की घरच्यासारख्या डॉक्टरकडे ती सोबत आधीच मिळत असावी. या कामाला आपण समुपदेशन म्हणतो, आणि शब्दातच उपदेश दडलेला. पेडण्यात किंवा सत्तरीत कोणाला ‘समुपदेशनाला जा’ म्हटलं की तो मामांचं भाषण ऐकायच्या तयारीने जातो, किंवा जातच नाही.

त्या चाचणीत मेंदूची चित्रं काढली नव्हती, आणि चित्रं काढणाऱ्या यंत्रात एका वेळी सहसा एकच माणूस मावतो. म्हणून आता दोघांच्याही डोक्यावर टोप्या चढवून मेंदूच्या लहरी एकत्र टिपतात. २०१८ च्या अशा एका प्रयोगात बाईला वेदना होत असताना तिच्या जोडीदाराने हात धरला, तेव्हा दोघांच्या लहरी अधिक जुळल्या. बोलायची परवानगी नव्हती.