पार्श्वभूमी: धारावीचा वरचा मजला मोजणीतून कसा सुटला

धारावीत पुनर्विकास प्रकल्पासाठी मार्च २०२४ मध्ये घराघरांचे सर्वेक्षण सुरू झाले. आधी ड्रोन आणि लेसर किरणांनी मोजणाऱ्या लायडारने गल्ल्यांचा नकाशा, मग प्रत्येक बांधकामावर क्रमांक, त्यानंतर दारोदार जाऊन कागदपत्रे गोळा करणे, असा त्याचा क्रम. बाहेर चर्चा रंगते ती कंत्राटाची आणि एफएसआयची, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल याची. गल्लीत मात्र पहिला प्रश्न असतो, खोली खालची की वरची? घर धारावीतच मिळणार की मिठागराच्या जागेवर, मालकीचे असणार की भाड्याचे, हे बऱ्याच अंशी या उत्तरावर ठरते. हा भेद आजच्या प्रकल्पाने निर्माण केलेला नाही. मोजणीची जी पद्धत त्यामागे आहे, ती जवळपास पन्नास वर्षांची जुनी आहे.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात असा. खाडीकाठचा कोळीवाडा, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेले चामड्याचे कारखाने आणि त्यामागोमाग तमिळनाडूहून आलेले कारागीर, सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांची वसाहत. शहराच्या कडेला नको असलेले धंदे इथे ढकलले गेले आणि शहर वाढत वाढत त्यांच्याही पुढे निघून गेले.

मिठी नदीच्या पलीकडचे वांद्रे-कुर्ला संकुल वयाने धारावीपेक्षा खूपच लहान. दक्षिण मुंबईतील कार्यालयांची गर्दी हलवण्यासाठी १९७७ मध्ये तिथली सुमारे ३७० हेक्टर सखल, दलदलीची जमीन नियोजनाखाली घेण्यात आली. भराव पडला, मिठीचे पात्र आवळले गेले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा त्याची किंमत दोन्ही काठांनी मोजली. पण २०१० मध्ये हिरेबाजार तिथे सुरू होईपर्यंत पलीकडच्या भूखंडांचे भाव कुठल्या कुठे गेले होते. त्या भावांमुळेच अलीकडच्या काठावरची धारावी ‘मोक्याची जमीन’ झाली. संकुलातली साफसफाई, पँट्री आणि सुरक्षारक्षकांची कामे करणाऱ्यांपैकी अनेक जण याच गल्ल्यांतून पूल ओलांडून चालत कामावर जातात. त्यातले कितीतरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहतात.

राज्याचा झोपडपट्टी कायदा १९७१ चा. नळ, शौचालये, फरसबंदी, दिवे अशा सुधारणा हा त्याचा सुरुवातीचा भर. निर्णायक ठरली ती जानेवारी १९७६ ची गणना. तेव्हा झोपड्यांवर क्रमांक टाकले गेले आणि पुढे कुटुंबप्रमुखाच्या नावे फोटोपास दिले गेले. एक बांधकाम, एक क्रमांक, एक पास. तेव्हाच्या बैठ्या झोपड्यांना हे माप बरोबर बसत होते. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ च्या पदपथवासीयांच्या निकालात उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला, तेव्हाही पर्यायी जागा देताना आधार घेतला तो याच गणनेतील क्रमांकांचा. त्याच वर्षी शहरासाठी १०० कोटींचे केंद्रीय अनुदान आले आणि धारावीत पहिल्या सहकारी संस्था, ट्रान्झिट कॅम्प, इमारती उभ्या राहू लागल्या. सभासदत्व पुन्हा क्रमांकानुसारच.

१९९१ च्या झोपडपट्टी पुनर्विकास योजनेत १८० चौरस फुटांच्या घरासाठी रहिवाशालाही पैसे भरावे लागत. १९९५ मध्ये घर फुकट झाले आणि क्षेत्र २२५ चौरस फूट. पुढे ते २६९ आणि मग ३०० वर गेले. फुकट घराचा खर्च निघणार होता खुल्या बाजारात विकायच्या बांधकामातून. पुनर्वसनाच्या प्रत्येक चौरस मीटरमागे विक्रीचे किती बांधता येईल याचे प्रमाण शहरात ०.७५, उपनगरांत १ आणि धारावीसारख्या अवघड भागात १.३३ असे ठरले. वरचा मजला बाहेर का राहिला, हे समजण्यासाठी इथे थांबायला हवे.

कागदावर पाहिले तर जितकी पुनर्वसनाची घरे जास्त, तितके विक्रीचे बांधकामही जास्त. मग विकासकाने वरच्या कुटुंबांनाही आनंदाने मोजायला हवे होते. अडचण भूखंडाच्या आकाराची. एका जागेवर चढवता येणाऱ्या एफएसआयला कमाल मर्यादा असते. दाट वस्तीत खाली-वर दोन्ही कुटुंबे धरली तर ती मर्यादा पुनर्वसनातच संपू लागते. विक्रीचा उरलेला वाटा टीडीआर, म्हणजे दुसऱ्या भूखंडावर वापरता येणारा बांधकामाचा हक्क, म्हणून दुसरीकडे न्यावा लागतो आणि मोक्याच्या जागेवर विकायला फारसे काही उरत नाही. म्हणून पात्र धरला तो तळमजला. सोय हिशेबाची होती, पण नियम राहणाऱ्यांच्या माथी बसला.

आता तो वरचा मजला कसा असतो ते पाहू. साधी खोली १० बाय १५ फुटांची. महापालिकेच्या नियमानुसार झोपडीची उंची १४ फुटांपर्यंत. खाली आठ फूट ठेवले, मध्ये लोखंडी गर्डर टाकून त्यावर फरशी बसवली, की वर साडेपाच फूट कसेबसे उरतात. छपराच्या पत्र्याचा उतार असतो, त्यामुळे एका भिंतीकडे सरळ उभेही राहता येत नाही. चढायला बाहेरून लोखंडी शिडी, जवळपास उभीच, खाली उघडे गटार. धरायला एक दोरी लोंबकळत असते. पाणी खालच्या नळावरून हंड्याने किंवा पाइपने वर. वीज खालच्याच मीटरवरून, पोटमीटर लावून. पैसे नियमित दिले जातात, पण बिल मालकाच्या नावाचे. इथेच पुढच्या अडचणीचे मूळ आहे. वरचे कुटुंब वीस वर्षे राहिले तरी त्याच्या नावाचा कागद तयार होत नाही.

पात्रतेसाठी दोन गोष्टी दाखवाव्या लागतात. मुदतीच्या तारखेपूर्वीपासून ती झोपडी होती व तिथे वास्तव्य होते, आणि आजही तिथेच राहता. पहिल्यासाठी मतदार यादीतील नोंद सर्वांत भक्कम मानली जाते. फोटोपास, जुने वीजबिल, धंदा असेल तर गुमास्ता परवाना हेही चालतात. बिघडते ते लहान गोष्टींत. मतदार यादीत चाळीचे नाव असते, खोली क्रमांक नसतो. सुनेची नोंद माहेरच्या नावाने असते. फोटोपास मूळ मालकाच्या नावाचा आणि पुढची खरेदी फक्त स्टॅम्प पेपरवरच्या करारावर. वडील वारलेले, वारसांचे आपसात पटत नाही. सर्वेक्षणाच्या वेळी कामावर गेलेल्याचे दार बंद आढळते आणि यादीत खोली ‘बंद’ म्हणून जाते. त्यामुळे परिशिष्ट-२ चा, म्हणजे पात्र-अपात्र रहिवाशांच्या यादीचा, मसुदा लागताच हरकतीची मुदत पाहून मूळ कागद घेऊन जावे लागते. प्रत चालते असे समजून पाठवलेल्या अर्जांना हेलपाटेच पडतात. वरच्या भाडोत्र्याला या सगळ्याआधी मालकाची साथ हवी, आणि कागद दिला तर उद्या हक्क सांगेल या भीतीने मालक सही टाळतो.

गेल्या काही दशकांत वाद गाजला तो याच मुदतीच्या तारखेचा, म्हणजे कोणत्या दिवसापूर्वीची झोपडी पात्र धरायची याचा. १९७६, १९८५, १ जानेवारी १९९५, मग १ जानेवारी २०००. निवडणुका जवळ आल्या की तारीख पुढे सरकण्याची आशा वाढायची, आणि अनेकदा ती सरकलीही. २०१८ मध्ये २००० ते १ जानेवारी २०११ दरम्यानच्या झोपडीधारकांना सशुल्क घराची तरतूद झाली, २०२३ मध्ये ती किंमत अडीच लाख ठरली. या सगळ्यात वस्तीत आलेल्याचे वर्ष बदलत गेले, मजला तोच राहिला. १९९५ पूर्वीपासून वर राहणारा भाडोत्री १९९९ मध्ये खाली झोपडी घेणाऱ्यापेक्षा मागे पडतो, हे या तारखांच्या गलबल्यात फार थोड्यांनी बोलून दाखवले.

धारावीसाठी २००४ पासून स्वतंत्र योजना आहे. पाच विभाग, जागतिक निविदा, ४ एफएसआय, निविदा रद्द. २०१९ मध्ये ७,२०० कोटींची बोली सर्वोच्च ठरली, पण रेल्वेची सुमारे ४५ एकर जमीन प्रकल्पात आल्याचे कारण देऊन ती प्रक्रियाही रद्द झाली. २०२२ च्या नव्या अटींवर ५,०६९ कोटींची बोली मान्य झाली आणि डिसेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्याविरुद्धची याचिका फेटाळली. या अटींत पहिल्यांदाच वरच्या मजल्याचा उल्लेख झाला, हे नोंदवायलाच हवे. २००० पूर्वीच्या तळमजल्याला धारावीतच ३५० चौरस फूट मोफत. २००० ते २०११ च्या तळमजल्याला अडीच लाखांत ३०० चौरस फूट, धारावीबाहेर. त्यानंतरचे तळमजले आणि १५ नोव्हेंबर २०२२ पर्यंतचे सर्व वरचे मजले यांना भाडे-खरेदी तत्त्वावर, म्हणजे ठरावीक काळ भाडे भरून शेवटी मालकी मिळणारे घर, तेही धारावीबाहेर. त्यासाठी मुलुंड, भांडुप, कांजूरमार्गकडच्या मिठागरांची २५५.९ एकर जमीन आणि देवनारच्या कचराभूमीवरील १२४ एकर यांची निवड झाली. संकुलात चालत जाणाऱ्या कामगाराला तिथून रेल्वे आणि बस धरूनच कामावर यावे लागेल.

सर्वांत गुंतागुंतीची स्थिती खाली कारखाना आणि वर संसार असलेल्यांची. खाली चार शिलाई मशिने किंवा चामड्याच्या बॅगा कापायचे टेबल, वर मालकाचेच कुटुंब. गुमास्ता परवाना खालच्या गाळ्याचा, म्हणून नोंद व्यावसायिक होते आणि त्याला २२५ चौरस फुटांपर्यंत मोफत गाळा मिळतो. घर मात्र ‘वरचा मजला’ ठरते आणि धारावीबाहेरच्या यादीत जाते. कुंभारवाड्यात राहते घर, चाकाची जागा, माती मळायचा ओटा आणि भट्टी एकमेकांना लागून. भट्टी चार-पाच घरांची मिळून, कोणाच्याच एकट्याच्या नावावर नसलेली. सर्वेक्षणाच्या अर्जात वापराच्या रकान्यात ‘निवासी’ की ‘व्यावसायिक’ यांतले एक भरून घेतले जाते तेव्हा अशा जागांचा अर्धा भाग कागदावर येतच नाही. त्यामुळे अर्ज भरतानाच दोन्ही वापर लिहून घेण्याचा आग्रह धरावा आणि त्याची पोच ठेवावी, असे वस्तीतले कार्यकर्ते सांगतात.