हाडातला मगज, पोटावरची चरबी आणि क्रोन्स: 'स्टेम सेल' या आशेची पार्श्वभूमी

अंबाजोगाईकडचा माझा मावसभाऊ दिवाळीनंतर घरी आला, तेव्हा त्याच्या वायरच्या पिशवीत सहा वर्षांचे कागद होते. टीबीच्या गोळ्यांची जुनी चिठ्ठी, कोलोनोस्कोपीचे रंगीत फोटो आणि सगळ्यांत वर एक गुळगुळीत पत्रक. 'स्टेम सेलने क्रोन्स मुळापासून बरा, नवीन आतडं तयार होतं.' कोपऱ्यात पेनाने खर्चाचा आकडा लिहिलेला. "दोन एकर इकून टाकावं म्हणतो," एवढंच तो बोलला.

त्याला लगेच हो किंवा नाही म्हणणं मला जमेना, कारण 'स्टेम सेल', म्हणजे ज्यांपासून दुसऱ्या पेशी तयार होतात त्या मूळपेशी, या एका शब्दात दोन निरनिराळे उपचार आहेत आणि पत्रकाने त्यांची सरमिसळ केली होती.

आधी आजाराचं. क्रोन्स म्हणजे आतड्यात पुन्हा पुन्हा दाह आणि जखमा होणारा जुनाट आजार. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपनहायमर यांनी 1932 साली लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचा हा आजार वेगळा म्हणून नोंदवला. त्याआधी असे कितीतरी रुग्ण आतड्याच्या टीबीत धरले जात. हा घोळ आपल्याकडे अजून मिटलेला नाही. दोन्हींत जखमा बहुतेक त्याच जागी होतात, बायोप्सीतही दोन्ही सारखे दिसू शकतात, म्हणून टीबीचा कोर्स आधी आणि क्रोन्सचं नाव नंतर. माझ्या भावाचं तेच झालं. याचाच जोडीदार अल्सरेटिव्ह कोलायटिस. तो मोठ्या आतड्यापुरता राहतो आणि गावात बरीच वर्षं 'रक्ताची आव' म्हणूनच अंगावर काढला जातो.

पहिला उपचार हाडातल्या मगजाचा. त्याची सुरुवात रक्ताच्या कॅन्सरपासून होते. अस्थिमज्जा (हाडातला मगज) रोपणाचा पाया घालणारे डोनल थॉमस यांना 1990 साली नोबेल मिळालं. पुढे 1993 साली एक नोंद आली: क्रोन्स असलेल्या एका रुग्णाला लिम्फोमा (लसिकापेशींचा कॅन्सर) झाला, त्यासाठी त्याच्याच पेशी वापरून रोपण केलं, आणि कॅन्सरबरोबर आतडंही शांत झालं. ठरवून केलेला प्रयोग नव्हता तो. मग शिकागोत रिचर्ड बर्ट यांनी कुठल्याच औषधाला दाद न देणाऱ्या क्रोन्सच्या रुग्णांवर हे मुद्दाम करून पाहिलं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, ती पत्रकात कुठेच नव्हती. या रोपणात आतड्यावर काम करते ती जबर केमोथेरपी. स्वतःच्याच आतड्यावर उठलेल्या प्रतिकारपेशी ती जवळपास पुसून टाकते. आधी काढून ठेवलेल्या मूळपेशी परत देतात त्या रक्त पुन्हा तयार व्हावं म्हणून. त्या मधल्या दिवसांत साधा जंतुसंसर्गही जिवावर बेततो. युरोपातल्या 'ॲस्टिक' चाचणीत 45 रुग्ण होते. 2015 साली निकाल आला: ठरवलेल्या कडक निकषावर वर्षाअखेर रोपणाच्या गटातले 2 जण उतरले, दुसऱ्या गटातला 1, आणि रोपण झालेला एक रुग्ण दगावला. काहींना आराम पडला होता हे खरं, पण त्याची किंमत मोठी होती.

दुसरा उपचार चरबीतल्या पेशींचा, आणि तो भगंदरासाठी. क्रोन्समध्ये गुदद्वाराजवळ नळीसारखी वाट पडते, पू वाहत राहतो, माणूस लाजेने घरातही सांगत नाही. माद्रिदचे सर्जन दामियान गार्सिया-ओल्मो यांनी 2003च्या सुमारास चरबीतून काढलेल्या पेशी अशा वाटेत टोचायला सुरुवात केली. या पेशी नवीन आतडं घडवत नाहीत, त्यांच्यातून पाझरणारे घटक दाह कमी करतात, अशी त्यामागची कल्पना. 212 रुग्णांच्या चाचणीत एका गटातल्या प्रत्येकाला 12 कोटी पेशी एकदाच टोचल्या, दुसऱ्या गटाला नुसतं सलाइन. 24 आठवड्यांनी पेशींच्या गटात सुमारे 50 टक्के आणि सलाइनच्या गटात 34 टक्के रुग्णांत भगंदर बंद झालेलं दिसलं. त्या बळावर 2018 साली युरोपने या पेशींच्या 'अलोफिसेल' नावाच्या औषधाला मान्यता दिली. पण पुढच्या मोठ्या चाचणीत 2023 साली फरकच दिसला नाही आणि 2024च्या अखेरीस ते औषध युरोपच्या बाजारातून मागे घेतलं गेलं. ही बातमी वाचून मला वाईट वाटलं. भगंदराचे हाल मी घरात पाहिलेत.

आपल्याकडे आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) 2017च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांसारख्या मान्य कारणांसाठीचं रोपण सोडलं, तर मूळपेशींचा वापर मंजूर चाचणीतच करायचा असतो, आणि त्याची जाहिरात करायला मनाई आहे.

हे सगळं मी भावाला कागदावर आकृती काढून सांगितलं. मग पत्रकावरच्या नंबरला फोन लावला आणि तीन प्रश्न विचारले: पेशी कुठून काढणार, चाचणीचा नोंदणी क्रमांक काय, आणि पैसे कशाचे? चाचणीत प्रयोगाच्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. पलीकडून "पेशंटला घेऊन या, समोरासमोर बोलू" एवढंच उत्तर आलं.

जमीन अजून त्याच्या नावावर आहे. दर आठ आठवड्यांनी तो इन्फ्लिक्सिमॅब या दाह आवरणाऱ्या औषधाचं सलाइन घ्यायला हैदराबादला जातो, भाकरी आणि मऊ भात डब्यात बांधून.