ऑफ-सीझनमधील इनफील्डची जुळवणी

बेसबॉलच्या अमेरिकी मेजर लीगमध्ये वर्ल्ड सिरीज (अंतिम मालिका) आटोपल्यापासून फेब्रुवारीत स्प्रिंग ट्रेनिंगचे (हंगामपूर्व सरावाचे) तळ उघडेपर्यंत लीगचे सामने बंद असतात; हाच ऑफ-सीझन. पुढच्या हंगामात इनफील्डमधल्या, म्हणजे बेसांजवळच्या आतल्या भागातल्या, पहिला, दुसरा व तिसरा बेस आणि शॉर्टस्टॉप (दुसऱ्या व तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) या चार जागांवर कोण उभे राहणार, हे संघ याच काळात ठरवतात. कोणाशी करार करायचा, कोणाची अदलाबदल करायची, कोणाला दुसऱ्या जागी हलवायचे, असे तिन्ही मार्ग एकदम पाहिले जातात. पिचर (चेंडू फेकणारा) व कॅचर (फलंदाजामागे चेंडू झेलणारा) याच भागात असले, तरी त्यांचा हिशेब निराळा.

चार जागा सारख्या अवघड नसतात. बेसमधले अंतर 90 फूट. तिसऱ्या बेसवरून पहिल्या बेसपर्यंतचा थ्रो सुमारे 127 फुटांचा, आणि फलंदाज तिथे चार-साडेचार सेकंदांत पोचतो. शॉर्टस्टॉपला धावायचेही सर्वांत जास्त आणि फेकायचेही लांब. डावखुरा थ्रो करणारा खेळाडू पहिला बेस सोडून इतर तीन जागांवर जवळजवळ दिसत नाही; चेंडू उचलल्यावर त्याला अंग पूर्ण वळवावे लागते व तेवढ्यात फलंदाज बेसवर असतो. विश्लेषक बिल जेम्स यांनी जागांची जी उतरंड मांडली, तिच्यात इनफील्डपुरते पाहिले तर शॉर्टस्टॉप सर्वांत वर आणि पहिला बेस तळाला. वय वाढते तसा खेळाडू ही उतरंड उतरतो, चढणारे विरळा. म्हणून हाताशी दोन शॉर्टस्टॉप असणे ही अडचण नसून भांडवल मानले जाते.

क्षेत्ररक्षण मोजायचे कसे, हा मात्र जुना वाद. पूर्वी चुका मोजत. पण जो चेंडूपर्यंत पोचलाच नाही, त्याच्या नावावर चूक लागत नाही, त्यामुळे मंद खेळाडू कागदावर भरवशाचा दिसे. 2015 पासून मेजर लीगच्या मैदानांवर स्टॅटकास्ट यंत्रणा चेंडूचा व खेळाडूंचा माग ठेवते. तीवरून प्रत्येक चेंडू किती अवघड होता हे काढता येते. तरीही एका हंगामाचे आकडे फार हेलकावतात, म्हणून दोन-तीन हंगाम एकत्र पाहणे बरे. 2023 पासून दुसऱ्या बेसच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इनफील्डर हवेत असा नियम झाला. फलंदाज पाहून तिघांना एका बाजूला लावण्याची सोय गेली, आणि दुसऱ्या बेसवर चपळाईला पुन्हा भाव आला.

जुळवणी किती गुंतागुंतीची होते, याचे बोलके उदाहरण न्यूयॉर्क यँकीजचे. जानेवारी 2004 मध्ये त्यांचा तिसरा बेसमन ॲरन बून बास्केटबॉल खेळताना गुडघा दुखावून बसला. तीनच महिन्यांपूर्वी त्याच्याच होमरनने (मैदानाबाहेर मारलेल्या फटक्याने) संघ वर्ल्ड सिरीजला पोचला होता. फेब्रुवारीत यँकीजने टेक्सस रेंजर्सकडून ॲलेक्स रॉड्रिगेझला घेतले व बदल्यात दुसरा बेसमन अल्फोन्सो सोरियानो दिला. एक भोक बुजवताना दुसरे पडले: त्या वर्षी दुसरा बेस मिगेल कायरो आणि एन्रिके विल्सन यांच्यावर भागवावा लागला.

रॉड्रिगेझ मूळचा शॉर्टस्टॉप, 2002 व 2003 चा गोल्ड ग्लोव्ह (उत्तम क्षेत्ररक्षणाचे पारितोषिक) विजेता. पण तिथे कर्णधार डेरेक जीटर होता, म्हणून तिसऱ्या बेसवर गेला तो रॉड्रिगेझ. निव्वळ क्षेत्ररक्षणाचा हिशेब केला असता तर उलटे व्हायला हवे होते. जीटरच्या मानाला, आणि संघातल्या शांततेला, यँकीजने जास्त किंमत दिली. गंमत म्हणजे आकडेवारी जीटरला कमी लेखत असताना व्यवस्थापक-प्रशिक्षकांच्या मतांवर 2004 ते 2006 सलग तीन गोल्ड ग्लोव्ह त्यालाच मिळाले. रॉड्रिगेझ तिसऱ्या बेसवरही रुळला. 2005 व 2007 मध्ये तो अमेरिकन लीगचा (मेजर लीगच्या दोन शाखांपैकी एक) सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला.

दुसऱ्या बेसचा प्रश्न मे 2005 मध्ये रॉबिन्सन कानो आल्यावर सुटला. सोरियानोसोबत टेक्ससला आणखी एक तरुण खेळाडू निवडायचा होता व त्या यादीत कानोही होता. रेंजर्सने होआकिन आरियासला पसंती दिली. सोरियानोला पुढे वॉशिंग्टन नॅशनल्सने लेफ्ट फील्डमध्ये (बाहेरच्या मैदानाच्या डाव्या बाजूला) हलवले. मार्च 2006 मध्ये एका सराव सामन्यात तो तिथे उभे राहायला मैदानात उतरलाच नाही, आणि काही दिवसांनी मात्र तयार झाला.