युद्धकालीन लष्करी साहाय्य

युद्धात सापडलेल्या मित्रराष्ट्राला शस्त्रे, दारूगोळा, वाहने, सुटे भाग आणि ते सारे वापरण्याचे शिक्षण पुरवायचे, मात्र स्वतःचे सैन्य रणांगणावर उतरवायचे नाही, या व्यवहाराला युद्धकालीन लष्करी साहाय्य म्हणतात. बातम्यांत गाजतात ते रणगाडे आणि क्षेपणास्त्रे. पण या मदतीचा जीव शिकवणाऱ्या आणि दुरुस्ती करणाऱ्या माणसांत असतो. तोफ विमानाने काही दिवसांत पोहोचते. तिची निगा राखणारा कारागीर तयार व्हायला कित्येकदा वर्षे जातात.

कायद्यात या मदतीची जागा अवघड आहे. १९०७ च्या हेग करारांनी तटस्थ सरकारांना युद्ध करणाऱ्या राष्ट्रांना शस्त्रे पुरवायला मनाई केली होती. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या सनदेने आक्रमण बेकायदा ठरवले आणि कलम ५१ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क मान्य केला. त्यामुळे आक्रमण झालेल्या देशाला हत्यारे देणे हा तटस्थतेचा भंग नव्हे, अशी भूमिका आज अनेक राष्ट्रे घेतात. ती रास्तच आहे. मात्र मदत करणारा देश नेमका कोणत्या टप्प्यावर स्वतः युद्धात उतरला असे समजायचे, याबद्दल कायदेपंडितांत एकमत नाही.

या मदतीचे आधुनिक रूप ठरले ते दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकेच्या 'लेंड-लीज' (उसने किंवा भाड्याने देण्याच्या) कायद्याने. शेजाऱ्याच्या घराला आग लागली असताना आपली पाण्याची नळी त्याला द्यावी, किंमत विचारत बसू नये, अशा आशयाचा दाखला अध्यक्ष रूझवेल्ट यांनी डिसेंबर १९४० मध्ये पत्रकारांना दिला. ११ मार्च १९४१ रोजी कायद्यावर सही झाली, तेव्हा अमेरिका स्वतः युद्धात नव्हती. युद्ध संपेपर्यंत सुमारे ५० अब्ज डॉलरचा माल तीसहून अधिक देशांना गेला. सोव्हिएत संघाला त्यातून जवळपास चार लाख ट्रक आणि जीपगाड्या मिळाल्या, शिवाय रेल्वे इंजिने, डबाबंद मांस आणि सैनिकांचे बूट. हा माल पोहोचवणेही जिवावरचे काम होते. जुलै १९४२ मध्ये आर्क्टिक समुद्रातून जाणाऱ्या पीक्यू-१७ या ताफ्यातील २४ मालवाहू जहाजे जर्मनांनी बुडवली.

शिक्षणाने काय साधते, हे पाहायचे तर रामगढकडे पाहावे. १९४२ मध्ये ब्रह्मदेशातून माघार घेतलेले चिनी सैनिक उपाशी आणि हिवतापाने खंगलेल्या अवस्थेत आसामात पोहोचले. त्यांना तेव्हाच्या बिहारमधील, आताच्या झारखंडमधील रामगढच्या छावणीत आणले गेले. याआधी तेथे इटालियन युद्धकैदी ठेवले होते. जागा, अन्न आणि पगार ब्रिटिशांचा, शस्त्रे आणि शिक्षक अमेरिकेचे, अशी वाटणी ठरली. पहिले काम कवायतीचे नव्हते. सैनिकांना पोटभर जेवण, औषधे आणि लसी मिळाल्या. पगार अधिकाऱ्यांच्या हाती एकरकमी न देता प्रत्येक सैनिकापर्यंत पोहोचावा, असा आग्रह अमेरिकी सेनापती स्टिलवेल यांनी धरला. तोफखान्याचे आणि जंगलातील लढाईचे धडे दुभाष्यांमार्फत, बरेचसे प्रात्यक्षिकानेच दिले जात. हिमालयावरून चीनला माल टाकून रिकामी परतणारी विमाने येताना नवे सैनिक घेऊन येत. अशा रीतीने ५० हजारांहून अधिक चिनी सैनिक तेथे तयार झाले. याच सैन्याने उत्तर ब्रह्मदेशात जपान्यांना मागे रेटले आणि ऑगस्ट १९४४ मध्ये मित्चिना हे शहर घेण्यात मोठा वाटा उचलला.

भारताने स्वतः अशी मदत केल्याचे ठळक उदाहरण १९७१ चे. बांगलादेशच्या स्वातंत्र्यासाठी पाकिस्तानी सैन्याशी लढणाऱ्या मुक्तिवाहिनीच्या नौदल पथकांना प्लासीजवळ भागीरथीच्या पात्रात पोहण्याचे आणि पाणसुरुंग लावण्याचे शिक्षण मिळाले. पाकिस्तानी पाणबुडीवरून फ्रान्समध्ये निसटलेले आठ बंगाली खलाशी या पथकांचा गाभा होते. १५ ऑगस्टच्या मध्यरात्री पोटाशी गमछ्याने सुरुंग बांधून ही मुले चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज येथील जहाजांपर्यंत पोहत गेली.

मदत फसते कशी, हे अफगाणिस्तानात दिसले. रशियन बनावटीची एमआय-१७ हेलिकॉप्टरे अफगाण कारागीर बऱ्याच अंशी स्वतः सांभाळत असत. त्यांच्या जागी अमेरिकी ब्लॅक हॉक आली आणि दुरुस्ती परदेशी कंत्राटदारांच्या हाती गेली. अमेरिकेने फेब्रुवारी २०२० मध्ये तालिबानशी केलेल्या दोहा करारात सैन्यासोबत कंत्राटदारांचीही माघार ठरली होती. ते निघून जाताच विमाने जमिनीवर खिळू लागली आणि दूरच्या चौक्यांची रसद तुटली. १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल पडले. या पराभवाचे खापर केवळ अफगाण सैनिकाच्या माथी फोडणे अन्यायाचे आहे.

युक्रेनच्या बाबतीत शिक्षणाची सुरुवात आधीच झाली होती. ब्रिटनचे प्रशिक्षक २०१५ पासून तेथे होते. २०२२ च्या उन्हाळ्यापासून नवे भरती झालेले युक्रेनी नागरिक ब्रिटनमध्ये नेले जाऊ लागले आणि २०२४ अखेरपर्यंत त्यांची संख्या ५० हजारांवर गेली. या काळात पायाभूत अभ्यासक्रम बहुतांशी पाच आठवड्यांचा होता: नेमबाजी, खंदकातील लढाई, सुरुंग ओळखणे, रक्तस्राव थांबवणे आणि युद्धाचे कायदे. काल-परवापर्यंत ट्रक चालवणाऱ्या किंवा शाळेत शिकवणाऱ्या माणसासाठी पाच आठवडे फारच थोडे असतात.

सामग्रीची अडचण निराळी होती. युक्रेनी सैन्य सोव्हिएत १५२ मिलिमीटर तोफांवर वाढलेले. हाती आल्या १५५ मिलिमीटरच्या अमेरिकी, फ्रेंच, जर्मन आणि पोलिश तोफा, प्रत्येकीचे सुटे भाग वेगळे. अमेरिकी एम-७७७ तोफेचे बोल्ट इंचांच्या मापाचे आणि युक्रेनी कारागिराच्या पेटीतील पाने मिलिमीटरची, त्यामुळे साधा बोल्ट सैल करणेही अडून बसे. झिजलेल्या तोफा दुरुस्तीसाठी पोलंडला जात. जे आघाडीजवळच दुरुस्त होण्याजोगे असे, त्यासाठी पोलंडमधील तळावरचा अमेरिकी तंत्रज्ञ फोनच्या पडद्यावर बिघाड पाहत असे आणि दुभाष्याच्या मदतीने पलीकडच्या युक्रेनी सैनिकाला पुढची पायरी सांगत असे.